दोरीखालची वाट

को पे तान आमच्या गल्लीत राहायला आला त्याला दोन वर्षं होऊन गेली, तरी तो स्वतःच्या खोलीत पुढच्या दारानं कधी शिरला नव्हता. त्याची खोली पाचवी, माझी पहिली, मधला बोळ सगळा मिळून तीस पावलांचा. पण बोळात डोक्यावर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बायकांच्या थमीनी. थमीन म्हणजे आम्हा बर्मी बायकांची लुंगी. कोळंबीच्या कारखान्यातून घरी आलेली बाई आधी ती धुते आणि मग भात टाकते, कारण तो वास अंगाला घेऊन घास उतरत नाही. तर ह्या थमीनींखालून को पे तान जाईना. कालव्याच्या बाजूनं वळसा, कचऱ्याच्या पिंपांमागून, एका हलत्या फळीवरून तोल सावरत, आणि मग मोरीच्या दारानं आत. थायलंडातल्या ह्या महाछाईचा कालवा किती घाण आहे ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. दोनदा पडला त्यात.

बायका टपलेल्याच असायच्या. "अगं उतरवा गं झेंडे, पॅगोडावाले आले!" दुसरी म्हणे, "दादा, आज एकच आहे, तीपण नवी कोरी, या बिनधास्त!" तो मान खाली घालून हसायचा आणि फळीकडे वळायचा. सगळ्यांत तिखट जीभ माझी. मी दॉ म्या यी, नाक्यावर मोहिंग्याची गाडी लावते. बावीस वर्षं झाली. माशाच्या रश्शातल्या शेवयांबरोबर लोक माझं बोलणंही गिळतात. मी म्हणायची, "एकदा खालून जाऊन तर बघ रे. आभाळ कोसळलं तर मी धरते."

"तुम्ही धराल हो मावशी," तो म्हणायचा, "पण मला वर चढायचंय ना."

हे वर चढणं काय ते ऐका. तिकडे बर्मात, दवेईच्या खालच्या अंगाला कामाउंग म्हणून त्याचं गाव. गावाच्या टेकडीवर पॅगोडा. दर वर्षी तबाउंग महिन्याच्या पुनवेआधी त्याला चुना द्यायचा. खालचा ओटा सगळं गाव रंगवतं, पण बांबूची परांची बांधून पार कळसाच्या छत्रीपर्यंत चढायचं ते ह्याच्या घराण्यानं. आजा चढला, बाप चढला, सतराव्या वर्षापासून हा चढला. वरच्या ओट्यावर आम्हा बायकांना पाय ठेवायची बंदी. आणि चढणाऱ्यानं आपलं तेज सांभाळायचं. पुरुषाच्या उजव्या खांद्यावर तेज बसलेलं असतं असं आमच्यात मानतात. बाईच्या थमीनीला हात लावला, तिच्या खालून गेला, की ते उतरतं. बहुतेक पुरुष हे तोंडानं म्हणतात आणि नाइलाज झाला की विसरतात. हा विसरला नाही. तिकडे लढाई पेटली तेव्हा शहरातल्या पोरींनी रस्त्यांवर आडव्या दोऱ्या बांधून थमीनी टांगल्या होत्या, आणि बंदुका घेतलेले शिपाई खालून जायला कचरत होते. मी को पे तानला म्हटलं, "बघ, तू आणि शिपाई एकाच माळेचे मणी." त्या दिवशी मात्र तो हसला नाही.

गाव जळलं. तो आणि त्याची बायको मा न्यो, दोघंच, मूलबाळ नव्हतं. जंगलातून सीमा ओलांडून इकडे आले. तो बावन्न वर्षांचा, ती चव्वेचाळीसची. मा न्योला आठ दिवसांत काम लागलं, कोळंबी सोलायचं, कारण बाईचे हात इथं कुणालाही चालतात. ह्याचं काही धड होईना. एकानं त्याला रंगकामावर लावून दिलं. रंगारी तो जन्माचा, मला वाटलं आता रुळला. पण कसलं काय! परांचीवर चढण्याआधी हा चपला काढून हात जोडायचा. बाजाराची इमारत ती, दुकानांची, तिला हात जोडतोय! मुकादम पोट धरून हसला. तेही चाललं असतं. मग वरच्या मजल्यावर सिमेंट कालवणाऱ्या बायका आल्या आणि हा म्हणाला, मी ह्यांच्या खाली उभा राहणार नाही. मुकादमानं त्याच दिवशी घरी पाठवलं.

"सुंभ जळला तरी पीळ जाईना तुझा," मी म्हटलं. "इथं तुला कोण ओळखतं? कोण बघतंय?"

"मला वर्षभरात परत जायचंय मावशी. इथलं अंगाला लावून घेतलं तर तिथं कसा चढू?"

सगळेच असं म्हणून येतात. मीही वर्षभरासाठीच आले होते. पण मी आल्याच्या तिसऱ्या महिन्यात थाई शिव्या शिकले आणि गाडी लावली. हा थाईतले चार शब्द शिकला नाही. शेवटी मासळी बाजारात बर्फ फोडायचं काम मिळालं. पहाटे जायचा, दुपारी यायचा. खोलीत पाहुणा आल्यासारखा भिंतीला टेकून बसायचा आणि फोनवर पॅगोडाचे जुने फोटो बघायचा.

आता मा न्योचं सांगते. ती बाई थोडं बोलणारी, पण हसली की तिच्या गालाला खळी पडायची, आणि ती खळी कारखान्यातून उभ्यानं दहा तास काढून आल्यावरही पडायची. तिची थमीन त्या बोळातल्या दोरीवर कुणी कधी पाहिली नाही. ती कुठं वाळवायची? माझ्या खोलीमागं मी भांडी घासते तिथं, गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळी बांधून. नवऱ्याच्या डोक्याच्या वर तर सोडाच, कमरेच्या वरही नको म्हणून. तिथं ऊन येत नाही. अर्धवट ओल्याच नेसायची.

"अगं, बुरशी धरेल अंगाला," मी म्हटलं. "दोरीवर टाक, तो तसाही मागून येतो."

"असू दे मावशी. वारा आला आणि उडून त्याच्या अंगावर पडली म्हणजे? त्याच्याकडे आता तेवढं एकच उरलंय."

नाकापेक्षा मोती जड, मी मनात म्हटलं. मला तिचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं.

पहिल्या दोन्ही तबाउंगना तो जाऊ शकला नाही. एका वर्षी परदेशी कामगाराचं गुलाबी कार्ड झालं नव्हतं, दुसऱ्या वर्षी वाटेत लढाई होती. दोन्ही पुनवांना तो दिवसभर जेवला नाही. मग पावसाळ्यानंतर एका दुपारी गावच्या मठातल्या भंतेंचा फोन आला. मठ गेला होता, ते ताडपत्रीखाली राहत होते, पण पॅगोडा उभा होता. को पे तान फोन घेऊन धावत माझ्या गाडीकडे आला, मला भंतेंचा चेहरा दाखवायला. भंते म्हणाले, "छत्री थोडी वाकलीय. शेवाळानं काळा पडलाय रे. परांची बांधायला माणसं आहेत, वर चढणारा नाही. या तबाउंगला येशील?"

"येतो भंते. येतोच," तो म्हणाला आणि माझ्या गाडीसमोर, गिऱ्हाइकांच्या पायांत, फोन समोर ठेवून तीनदा वाकून नमस्कार केला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला दोन वाट्या मोहिंगा खाताना पाहिलं. मा न्यो तर त्या दिवसापासून दिवस मोजायला लागली. परत जायचं तर दोघंही जाणार होते.

आणि त्याच महिन्यात मी मागच्या सुतळीवर ते डाग पाहिले.

धुऊनही न गेलेले, तपकिरी, एकावर एक. एक दिवस असतं तर मी काही बोलले नसते. पंधरा दिवस रोज होते. मी तिला दंडाला धरून विचारलं.

"वय झालं मावशी, जायची वेळ आलीय पाळीची. तुम्हाला नव्हतं झालं?"

मला झालं होतं. मला पण चाळिशीनंतर असंच धोधो जायचं आणि मग एक दिवस थांबलं. म्हणून मी शहाणी तिला म्हणाले, केळफूल उकडून खा, गार पाण्यात उभी राहू नकोस. कोळंबीच्या कारखान्यात गार पाण्यात उभी राहू नकोस! जीभ कशी झडली नाही माझी.

"त्याला सांगितलंस का?" मी विचारलं.

"वेड लागलंय का मावशी! त्याला काय सांगायचं असतं हे? आणि शपथ आहे, तुम्ही बोलायचं नाही. तबाउंगला तीन महिने राहिलेत. त्याच्या मनाला पण शिवता कामा नये."

मी गप्प बसले. मी, जी मुकादमाला, घरमालकाला, पोलिसाला तोंड देते, ती गप्प बसले. कारण आमच्यात हे असंच असतं. बाईचं रक्त बाईनं धुवायचं, पुरुषाच्या नजरेस पडू द्यायचं नाही, आणि हा तर चढणारा. चार मीटरच्या खोलीत, एका चटईवर झोपणाऱ्या नवऱ्यापासून तिनं सहा महिने ते लपवलं. सहा, हे मला नंतर कळलं. माझ्या सुतळीवर तर शेवटच्या दोन महिन्यांचंच आलं होतं. आधीचं ती कारखान्याच्या संडासात धुऊन ओलं तसंच अंगावर घेऊन येत होती.

ती पडली त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. भर दुपार. तो बर्फावरून येऊन जेवत होता, ती वाढत होती. मला नुसता थाळा वाजल्याचा आवाज आला आणि मग त्याची हाक, "मावशी!" मी बोळातून धावले. ती चटईवर आडवी, चेहरा पांढरा, आणि तिच्याखालून रक्त चटईच्या काड्यांमधून फरशीवर येत होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याला पुढं व्हावं की मागं हे कळत नव्हतं.

"बघतोस काय मेल्या, उचल तिला!" मी ओरडले.

मा न्योनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे हात केला, ये म्हणून नाही, थांब म्हणून. "तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली. "हात लावू नका. मावशी आहे."

तो बाहेर गेला नाही. त्यानं तिला उचललं. कोपऱ्यातली गोणी पायानं लवंडली आणि तिच्यातून चिंध्या बाहेर पडल्या, घड्या करून ठेवलेल्या, सगळ्या तपकिरी. तो त्या बघत उभा राहिला, ती हातावर तशीच.

"कधीपासून?" त्यानं तिला विचारलं. तिनं तोंड फिरवलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. त्याला कळलं की मला ठाऊक होतं.

बायकांनी दोऱ्यांवरचे कपडे भराभर उतरवले आणि आम्ही तिला बोळातून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. दुभाषी पोरगी आमच्याच दवेईची. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग, आता पसरलाय, असं ती म्हणाली, आणि मग डॉक्टरीणबाईंचा एक प्रश्न तिला आमच्या भाषेत नीट मांडताच येईना. शेवटी म्हणाली, "त्या विचारतायत, घरात दोन माणसं, मग दुसऱ्याच्या हे लक्षात कसं आलं नाही?"

को पे तान म्हणाला, "त्यांना सांग, मी बघत नव्हतो."

त्यानंतर ती सात आठवडे जगली. घरीच ठेवायला सांगितलं होतं. बायका आळीपाळीनं यायच्या, पण कारखाना कुणाला सुटतो? दिवसा तोच असायचा. बर्फाचं काम त्यानं सोडलं. आणि थमीनींचा प्रश्न आला. दिवसाला तीन-तीन बदलाव्या लागायच्या. मी म्हटलं, मी धुते. दोन दिवस धुतल्या. तिसऱ्या दिवशी गाडीवरून मागं आले तर हा माझ्या भांडी घासायच्या जागेत उकिडवा बसून घमेल्यात ते लाल पाणी पिळत होता. धुणं कधी आयुष्यात केलेलं नाही, तळव्यांनी असा घासत होता जसा काही भिंतीवरचा जुना चुना खरवडतोय. मी त्याच्या हातातून ओढायला गेले.

"असू द्या मावशी. तिला फक्त सांगू नका. तुम्ही धुतल्या म्हणायचं."

काय म्हणावं ह्याला! सहा महिने ती त्याच्यापासून लपवत होती, आता तो तिच्यापासून. त्याच गुडघ्याएवढ्या सुतळीवर तो त्या टाकायचा, वाळल्या की घडी घालून माझ्या हातात द्यायचा, आणि मी बोळातून वाजतगाजत जायची, "घे गं बाई, धुऊन धुऊन माझे हात सोलले." ती माझे हात धरून कपाळाला लावायची. मला खोट्याचं पाप काही नवीन नाही, पण तेवढं एक अजून पचत नाही.

एका संध्याकाळी, मी तिथंच होते, तिनं त्याला जवळ बसवलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्या दिवशी उचललंत तेवढंच ना? त्यानंतर कशाला शिवला नाहीत ना?"

"नाही."

"मावशी?"

"नाही गं," मी म्हटलं. "पोरगा नुसता दारात बसलेला असतो, कामाचा ना धामाचा."

ती हसली. खळी पडायला गालच उरला नव्हता. "तेवढ्याचं काही नाही. एका वेळेचं भंते माफ करतील. आंघोळ करा, शीलं घ्या, होईल. तबाउंगला चढाल ना? मी एवढं सांभाळलंय, फुकट घालवू नका."

"चढेन," तो म्हणाला.

ती तबाउंगच्या नऊ दिवस आधी गेली. इथल्याच मठात जाळलं. थाई भिक्खू नको, आपले भंते हवेत, एवढंच त्यानं मागितलं, ते आम्ही केलं. खोलीत परत येताना सवयीनं तो फळीकडे वळला आणि मोरीतून आत गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, चला, सुंभ जळला पण पीळ आहे, हा जाईल गावी, चढेल, जगेल.

पाचव्या दिवशी गावच्या भंतेंचा फोन आला. ती गेल्याचं त्यांना इकडे कामाला असलेल्या गावच्या कुणीतरी कळवलं होतं. त्यानं फोन माझ्या गाडीवरच घेतला. भंते म्हणाले, "परांची अर्धी झालीय. ये."

त्यानं सगळं सांगितलं. धुणं सांगितलं, खोटं बोललेलं सांगितलं, मी बोललेलं खोटंसुद्धा सांगितलं. मी दुसरीकडे बघत वाट्या विसळत राहिले.

भंते म्हणाले, "आजारी माणसाची सेवा केलीस. त्यानं काही उतरत नाही. मी सांगतो ना तुला, उतरत नाही. ये आणि चढ."

"भंते, उतरलं असतं तर बरं झालं असतं," को पे तान म्हणाला. "नाही उतरलं असं तुम्ही म्हणताय. मग ते माझ्यापाशी आहेच. त्याच्यापायी ती मेली. मला दिसू नये म्हणून मेली. ते खांद्यावर घेऊन मी वर कसा चढू?"

मी नुसतं म्हटलं, "अरे, तिला शब्द दिलायस."

"दिलाय," तो म्हणाला. "ती विचारायला असती तर गेलो असतो."

सातव्या दिवशी भंतेंना जेवण घालतात आणि मेलेल्याचे कपडे दान करतात, धुऊन. मी सकाळपासून माझ्या दारात त्या जेवणाच्याच तयारीत होते. बायका रजा काढून मासे साफ करत होत्या. बोळाच्या तोंडाशी को पे तान आला, हातात घमेलं, घमेल्यात तिच्या थमीनी. अकरा होत्या. पिळलेल्या, स्वच्छ.

"आले गं," कुणीतरी सवयीनं म्हणालं, आणि मग जीभ चावली. सगळ्या एकदम उठल्या, दोऱ्यांवरचे आपापले कपडे ओढून काढायला. एकीनं ओली थमीन काखेत कोंबली. दुसरी म्हणाली, "दादा, एक मिनिट, एकच मिनिट, करतो आम्ही वाट."

"राहू द्या," तो म्हणाला.

तो फळीकडे वळला नाही. सरळ बोळात शिरला. दुसऱ्या खोलीसमोर जिथं सगळ्यांत चांगलं ऊन येतं तिथं त्यानं घमेलं ठेवलं आणि एकेक थमीन झटकून वरच्या दोरीवर टाकायला लागला. निळी, जांभळी फुलांची, कारखान्याला नेसायची ती विरलेली. हात उंच करून, नीट काठाला काठ लावून. अकराही टाकल्या. मग तिथंच खाली बसला, बरोबर त्यांच्याखाली, मांडी घालून. त्याला नीट पिळता येत नव्हतंच. पाणी गळत होतं त्याच्या डोक्यावर, उजव्या खांद्यावर, तोंडावर.

बायका मासे तसेच टाकून माझ्याकडे बघत होत्या, कारण मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं. आभाळ कोसळलं तर मी धरते म्हणाले होते मी. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून एवढंच आलं, "अरे, भिजतोयस ना बाळा. उठ."

तो उठला नाही. थमीनी वाळेपर्यंत तो तिथंच बसून होता.